थंड इंजिनची टकटक



या महिन्याचा विषय पाहून काही भगिनी म्हणतील, बाजींना आता गाडीचं वेड लागलं की काय? वेड नाही, गरज आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत आता एखादी जुनी, सेकंडहँड का होईना, चारचाकी आली आहे. ती शाळेला जाते, शेतावर जाते, रात्रीबेरात्री दवाखान्यात जाते. ती बिघडली की घराचं गणित बिघडतं. आणि त्या बिघाडाबद्दल आपल्याला काहीच सांगता येत नसेल, तर गॅरेजवाला जो आकडा सांगेल तो ऐकून घ्यावा लागतो. माझ्यावर तीच वेळ आली होती.

चिमूरची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका बाजूला ताडोब्याचं जंगल, आजूबाजूला धानाची बांधं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि सकाळी गाडीच्या काचेवरून दव पुसल्याशिवाय समोरचं दिसत नाही. गेल्या डिसेंबरात अशाच एका सकाळी मी शाळेत जायला सेल्फ मारला आणि बोनेटखालून खडखड, टकटक असा आवाज सुरू झाला. काही वेळाने आपोआप थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर मी दुर्लक्ष केलं. मग मनात भीती शिरली, कारण अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. शंभर किलोमीटरच्या रस्त्यात इंजिन बसलं तर?

आमच्या ह्यांनी दुकानाच्या कामासाठी बाहेरगावी जाताना गाडी तिथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्या माणसाने बोनेट उघडलं, दोनदा रेस देऊन ऐकलं आणि सांगितलं, “हाफ इंजिन करावं लागेल. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला.” ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते, हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधणं. नेमकी तेवढीच रक्कम आम्ही लेकीच्या कॉलेजच्या जानेवारीतल्या हप्त्यासाठी बाजूला ठेवली होती. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

“आवाज कसा, ते सांग”

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका वयस्कर मिस्त्री चाचांकडे गेले. कोलारा गेटवरून ताडोब्यात जाणाऱ्या जिप्सींची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली आहेत. थंडीत पहाटेच्या अंधारात या जिप्सी गेटवर रांगेत लागतात. मारुतीने जिप्सीची विक्री २०१९मध्ये बंद केली, त्यामुळे आहेत ती जुनी इंजिनं जपून वापरण्याशिवाय इलाज नाही. थंड इंजिनचा आवाज चाचांच्या कानाला चांगला ओळखीचा.

त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, “बेटी, आवाज कधी येतो?”

“सकाळी. दुपारी शाळेतून निघताना येत नाही.”

“किती वेळ राहतो?”

मला सांगता येईना.

“बरं, कसा येतो?”

“टकटक.”

“टकटक म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, की दारावर मूठ मारल्यासारखी ठकठक? सुरुवातीला एक आवाज आणि नंतर दुसरा, असं आहे का?”

वीस वर्षं मी मुलांना मराठी आणि उर्दू शिकवते. किणकिण, खळखळ, फडफड असे शब्द फळ्यावर लिहून देते. आणि स्वतःच्या गाडीचा आवाज कसा, ते मला सांगता आलं नाही! चाचा हसले. म्हणाले, “गाडी इथपर्यंत आणली म्हणजे ती गरम झाली. आता आवाज कुठून येणार? उद्या सकाळी मोबाइलमध्ये भरून आण. नाहीतर रात्री गाडी इथेच ठेव, सकाळी थंड असताना मीच सुरू करतो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्याने पंचेचाळीस हजारांचा आकडा सांगितला, त्याने तो आवाज ऐकलाच नव्हता. गाडी त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा इंजिन तापून शांत झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर आम्ही अंगणात गेलो. आठवीतल्या मुलाने मोबाइल धरला, मी किल्ली फिरवली. आवाज एक नव्हता, तीन होते. पहिले तीन-चार सेकंद कोरडी खडखड. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवाही तेवढाच वेळ जळत राहिला. मग पाऊण मिनिट बारीक, भरभर टिकटिक. त्याखाली हलकीशी पोकळ ठकठक, जी दोन-तीन मिनिटांत विरून गेली. मी वहीत वेळेसकट लिहून ठेवलं.

थंडीतच का?

चाचांनी जे समजावलं ते मी शाळेच्या भाषेत सांगते. इंजिनच्या आत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांवर फिरतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल निथळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होतं. सकाळी सेल्फ मारल्यावर पंप ते पुन्हा वर ढकलतो. वर पोचेपर्यंतचे काही क्षण भाग जवळजवळ कोरडे फिरतात.

थंडीत यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली, ऑइल घट्ट होतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी थिजते, आठवा. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण त्याची धाव मंदावते. दुसरी, धातू आकसतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचा असतो, तो तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून थंड असताना तो सिलिंडरमध्ये थोडा सैल बसतो, आणि इंजिन जुनं असेल तर जास्तच सैल.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वर पोचतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनमधला घट्टपणा सांगतो. आपल्या गाडीला कोणतं लागतं ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं.

आवाजांची ओळख

चालू करताच दोन-चार सेकंद खडखड: ऑइल उशिरा पोचतंय. ऑइल फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते, ती गाडी बंद असताना ऑइल खाली निथळू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती कमकुवत असते किंवा नसतेच. ज्या गाड्यांत टायमिंग चेन आहे, त्यांत चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि वाजते. ही खडखड दिवसेंदिवस लांबत गेली तर चेन तपासून घ्यावी.

बारीक, भरभर टिकटिक: बहुधा टॅपेट. काही गाड्यांत ते ऑइलने भरणारे असतात, काहींत फटीचं माप ठरवून द्यावं लागतं. टॅपेटची टिकटिक इंजिनच्या वरच्या भागातून येते. मात्र पेट्रोल किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टरही हलके टिकटिकतात. तो आवाज थंड-गरम दोन्हीत सारखा येतो आणि त्यात काळजीचं काही नाही.

रिकाम्या मडक्यावर बोट मारल्यासारखी पोकळ ठकठक, जी तापल्यावर जाते: पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला थापा मारतोय. जुन्या इंजिनात हे चालतं. ऑइल जळत नसेल, सायलेन्सरमधून निळा धूर नसेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालू शकते.

फटफट, सोबत धुराचा वास: इंजिनला सायलेन्सरचा पाइप जिथे जोडलेला असतो तिथलं पॅकिंग फुटलं आहे. तापल्यावर धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. त्या जागी काजळी दिसते. हा धूर गाडीत शिरू शकतो, त्यामुळे टाळाटाळ करू नये.

डिझेल गाडी सकाळी जोरात ठोके देते आणि पांढरा धूर टाकते: डिझेल इंजिनला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. हवा आणि इंजिन थंड असेल तर पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात आणखी डिझेल जमतं आणि मग एकदम भडकतं. हवा तापवायला बहुतेक गाड्यांत हिटर प्लग असतात. किल्ली फिरवल्यावर गुंडाळीचं पिवळं चिन्ह दिसतं. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. तरीही त्रास होत असेल तर प्लग तपासावेत.

चढावर किंवा भार असताना टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखी किरकिर: खरं ‘नॉकिंग’ हे. पेट्रोल अवेळी, आपोआप पेटल्याने ते होतं. ते सहसा तापलेल्या इंजिनात होतं, सकाळच्या थंड इंजिनात नाही. म्हणून सकाळच्या टकटकीसाठी महागडं पेट्रोल भरून उपयोग नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे हा आवाज वाढतो, असंही ऐकू येतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबाबत इथेनॉलची काळजी घ्यावी लागते हे खरं, पण नॉकिंग रोखण्याची ताकद, म्हणजे ऑक्टेन, इथेनॉलमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा जास्तच असते.

आणि शेवटचा, सर्वांत वाईट: खोल, जड ठोका, जो तापल्यावर जात नाही, रेस दिली की वाढतो. ही बेअरिंग गेल्याची खूण असू शकते. याच्यासोबत किंवा याच्याशिवायही, चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद करावी. “घर जवळच आहे” म्हणू नये. आमच्या शाळेतल्या एका सरांनी भिसीकडून येताना हा दिवा पाहिला आणि दहा-बारा किलोमीटर तशीच गाडी दामटली. इंजिन जाम झालं. त्यांना खर्च आला तो हाफ इंजिनच्याही वर. म्हणजे प्रत्येक आवाज किरकोळ असतो असंही नाही. कोणता किरकोळ आणि कोणता नाही, हे कळायला हवं.

आमच्या गाडीत काय निघालं

चाचांनी क्रमाने तपासलं, स्वस्त गोष्ट आधी, महाग नंतर. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तिथून ऑइल झिरपत होतं. मग त्यांनी जुनं बिल मागितलं. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी “जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका” म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं होतं. पुस्तिकेत होतं ५डब्ल्यू-३०. फिल्टर बिनछापाचा.

पॅकिंग, ऑइल आणि चांगला फिल्टर बदलल्यावर त्यांनी ऑइलच्या स्विचच्या जागी घड्याळ लावून दाब मोजला, गाडी थंड असताना आणि तापल्यावरही. दाब ठीक निघाला. बेअरिंग झिजली असती तर तापलेल्या इंजिनात तो पडला असता. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून, डॉक्टर छाती तपासतात तसं, त्यांनी एकेक जागा ऐकली. घरी कुणी हे करू नये; फिरत्या पट्ट्यात ओढणी किंवा बाही अडकायला क्षण लागत नाही.

सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत. दुसऱ्या सकाळी ऑइलचा दिवा लगेच विझला, खडखड गेली, टिकटिक दोन-तीन सेकंदांवर आली. पोकळ ठकठक मात्र थोडी राहिली. चाचांनी ते आधीच सांगितलं होतं, “ती झीज आहे बेटी, ऑइलने जाणार नाही. पण तिच्यासाठी आज इंजिन उघडायची गरज नाही. दर आठवड्याला पट्टी बघ. ऑइल कमी होत गेलं, निळा धूर आला, तर मग बोलू.” लेकीचा हप्ता वेळेवर भरला गेला, अल्हम्दुलिल्लाह.

दुकानात एकाने मला आवाज बंद करणारा डबा घेऊन पाहा म्हणून सुचवलं होतं. ऑइलमध्ये ओतायचं घट्ट औषध. चाचांनी हातच जोडले. आवाज दबतो, कारण तसंच राहतं. ही चूक एकदा साऱ्या जगाने केली आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत इंजिनचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात झाली. आवाज थांबला, पण धुरातून शिसं हवेत गेलं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू व्हायला २००० साल उजाडलं, आणि गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१मध्ये थांबला.

घरी काय करावं

पट्टी बघणं अवघड नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पट्टी काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बहुतेक लहान गाड्यांत या दोन खुणांमधला फरक साधारण एक लिटरचा असतो. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये, तेही नुकसानच करतं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं असू शकतं. गाडी सुरू न करता मिस्त्रींना बोलवा.

सर्व्हिसिंगच्या बिलावर ऑइलचा आकडा आणि फिल्टरचं नाव लिहून मागा. बिल पुस्तिकेतच ठेवा. आवाज आला तर मोबाइलमध्ये भरा आणि चार गोष्टी लिहा: कधी, किती वेळ, कसा, आणि ऑइलचा दिवा किती वेळ जळला. गॅरेजमध्ये कुणी मोठा आकडा सांगितला तर शांतपणे एकच प्रश्न विचारा, “तुम्ही थंड इंजिनचा आवाज ऐकलात का?” बाईमाणसाने विचारलं म्हणून समोरचा हसेल कदाचित. हसू द्या.

सकाळी गाडी सुरू केल्यावर रेस देऊन तापवायची सवय अनेकांना आहे. ती मोडा. कोरड्या इंजिनला रेस म्हणजे झीज. पंधरा मिनिटं उभी ठेवून तापवणंही नको. अर्धा-एक मिनिट थांबावं, मग गाडी हळू काढावी आणि इंजिन तापेपर्यंत हळूच चालवावी. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणारी गाडी पुरती तापतच नाही. तिच्या ऑइलमध्ये ओलावा आणि कच्चं पेट्रोल साचतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरची वाट न पाहता लवकर बदलावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे गाडी टिनाच्या शेडमध्ये किंवा घराला लागून असलेल्या पोर्चमध्ये असते. थंडीत वारा येऊ नये म्हणून आपण त्याला पडदा किंवा ताडपत्री बांधतो. अशा बंद जागेत गाडी सुरू करून तापवत ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन थंड असताना तो जास्त निघतो, कारण तेव्हा पेट्रोलचं प्रमाण जास्त असतं आणि धूर स्वच्छ करणारं यंत्र अजून तापलेलं नसतं. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग माणूस बेशुद्ध पडतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं लवकर. आधी पडदा उघडा, सुरू होताच गाडी बाहेर अंगणात काढा, मगच मुलांना बसवा.

माझी वही अजून गाडीच्या कप्प्यात आहे. दर शुक्रवारी सकाळी मुलगा पट्टी काढतो, पुसतो, बघतो आणि तारीख टाकून लिहितो. या जानेवारीत अम्मींना घेऊन नागपूरला गेलो, उमरेडच्या पुढे त्या मागच्या सीटवर शांत झोपल्या होत्या. तुमच्याही घरी गाडी असेल, तर उद्या सकाळी ती सुरू होताना रेडिओ बंद ठेवा आणि एक मिनिट नुसतं ऐका.